फिनलंडचं मॉडेल आपल्याकडे आणता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: फिनलंडमध्ये परीक्षा नाहीत, होमवर्क नाही तरी ते जगात पुढे, जपानमध्ये मुलं स्वतः शाळा झाडतात, सिंगापूर गणितात पहिलं, मग यातलं एक चांगलं मॉडेल निवडून भारताने सगळीकडे लागू का करू नये, आणि मी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे तर आम्ही काय करू शकतो. प्रश्न मनापासून विचारलाय म्हणून सविस्तर लिहितो. मी अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, पुढे केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या एका गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणारा) झालो आणि शेवटची वर्षं शिक्षक प्रशिक्षणात गेली, त्यामुळे बाहेरून आलेली मॉडेलं वर्गात पोचेपर्यंत त्यांचं काय होतं ते अगदी जवळून बघितलंय.

आधी एक गोष्ट. कुठला देश भारी हे शोधायला वेळ लागत नाही, पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा तक्ता उघडला की झालं. २०२२ ला गणितात सिंगापूर ५७५, जपान ५३६, एस्टोनिया ५१०, फिनलंड ४८४. म्हणजे ज्याला आपण अजून नंबर एक म्हणतो तो फिनलंड २००६ ला ५४८ वर होता आणि तिथून बराच खाली आलाय. आपल्याकडून २००९ च्या फेरीत फक्त तमिळनाडू आणि हिमाचल बसले होते, दोघंही यादीत अगदी तळाला आले आणि त्यानंतर भारत त्या परीक्षेला बसलेलाच नाही. पण हा तक्ता फक्त कोण कुठे उभं आहे एवढं दाखवतो, तिथवर ते कसे आले ते त्यात दिसत नाही. तुमच्या समितीच्या कामाचा प्रश्न माझ्या मते असा आहे: आपल्या शाळेत नेमकं दुखतंय कुठे, तेच दुखणं आधी कुणाला होतं, आणि त्यांनी कुठल्या क्रमाने काय काय केलं.

आता आपलं दुखणं कुठलं हे गावागणिक बदलतं हेही मान्य करतो. शहरातल्या शाळेत एका वर्गात साठ मुलं हा त्रास असेल, डोंगरातल्या वाडीवर दोन शिक्षक आणि चार वर्ग हा त्रास असेल, ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर अर्धा वर्गच कारखान्यावर निघून जातो. पण सगळीकडे समान असं एक आहे, प्रथम संस्थेच्या असर नावाच्या पाहणीत वर्षानुवर्षं दिसतंय की ग्रामीण भागात पाचवीतली निम्म्याच्या आसपास मुलं दुसरीचा उतारा नीट वाचू शकत नाहीत. मी पुढे जे लिहितोय ते हे दुखणं समोर धरून लिहितोय. तुमच्या शाळेत सगळी मुलं घडाघडा वाचत असतील तर माझं उत्तर वेगळं असतं.

फिनलंडबद्दल जरा नीट सांगतो कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. आज तिथे जाणाऱ्या माणसाला काय दिसतं, तर शाळा तपासणी नाही, शिक्षकाला पूर्ण मोकळीक, नववीपर्यंत मोठी परीक्षा नाही, सातव्या वर्षी शाळा. (बारावीच्या टप्प्यावर मात्र त्यांच्याकडेही राष्ट्रीय परीक्षा आहे आणि ती एकोणिसाव्या शतकापासून आहे, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.) पण ही मोकळीक त्यांनी सुरुवातीला दिली नव्हती. सगळ्यांना एकच नऊ वर्षांची शाळा असा कायदा त्यांनी १९६८ ला केला, अंमलबजावणी १९७२ ला सुरू झाली तीही उत्तरेकडच्या लॅपलंडपासून, म्हणजे दूरच्या, विरळ वस्तीच्या भागापासून, आणि राजधानी हेलसिंकीपर्यंत यायला १९७७ उजाडलं. त्या काळात देशभर एकच तपशीलवार अभ्यासक्रम होता, पाठ्यपुस्तकं सरकार तपासून मंजूर करायचं, तपासणीला अधिकारी यायचे. गणित आणि परकीय भाषांना हुशार आणि कच्च्या मुलांचे वेगळे गट होते ते १९८५ ला बंद झाले. मधल्या काळात शिक्षकांचं प्रशिक्षण विद्यापीठात नेलं आणि १९७९ पासून प्राथमिक शिक्षकालासुद्धा मास्टर्स लागायला लागलं. हे सगळं झाल्यावर, म्हणजे कायद्यापासून वीसेक वर्षांनी, नव्वदीच्या सुरुवातीला तपासणी आणि पुस्तकांची मंजुरी काढून घेतली.

आता हिशोब करा. २००० साली पहिल्या पिसात वाचनात पहिली आलेली फिनलंडची पंधरा वर्षांची मुलं १९९१-९२ च्या सुमाराला शाळेत बसली, त्यांचे शिक्षक सत्तर-ऐंशीच्या दशकात घडलेले. म्हणून मला असं वाटतं, आणि हे माझं मत आहे यावर अभ्यासकांत वाद आहेत, की जग जे बघायला धावलं ते यश बरंचसं त्या आधीच्या वीस वर्षांच्या शिस्तशीर कामाचं होतं आणि आपण मात्र शेवटची पायरी तेवढी बघून आलो. शिवाय शाळेत सगळ्यांना फुकट गरम जेवण हा कायदा तिथे १९४३ चा, म्हणजे युद्ध चालू असतानाचा. मागे पडणाऱ्या मुलासाठी विशेष शिक्षक पहिलीपासून शाळेतच असतो, त्यासाठी कुणावर शिक्का बसायची वाट बघत नाहीत. या दोन गोष्टी फोटोत येत नाहीत, पण परीक्षा नसूनही तिथलं मूल हातातून निसटत नाही ते यांच्यामुळे.

आपल्याकडे काय झालं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना उत्तम, शिक्षकाने रोज मुलाकडे बघायचं, कुठे अडतंय ते टिपायचं, त्याप्रमाणे शिकवणं बदलायचं. महाराष्ट्रात २०१० च्या ऑगस्टमध्ये जीआर आला, आकारिक (रोजच्या शिकण्याचं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन असे दोन भाग आले आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. मी केंद्रप्रमुख म्हणून शाळा भेटीला जायचो तेव्हा नोंदवही उघडून बघायचो. एका तिसरीच्या वर्गात ओळीने चौदा मुलांपुढे "कविता तालासुरात म्हणतो" असं लिहिलेलं, मुलगी असली तरी "म्हणतो". विचारल्यावर बाईंनी कपाटातून छापील पुस्तिका काढली, बाजारात मिळायची, विषयवार तयार नोंदींची, त्यातून उतरवून काढलेलं. मी रागावलो नाही. त्या बाईंकडे दोन वर्ग होते, पोषण आहाराचा हिशोब होता, मतदार यादीचं काम होतं, आणि मुलाचं वाचन ऐकून त्यावरून उद्याचा पाठ कसा बदलायचा हे त्यांना कुणी एकदाही करून दाखवलं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये रकाने कसे भरायचे तेवढं शिकवलं. परीक्षा गेली, तिच्या जागी शिक्षकाची जी नजर यायला हवी होती ती तयारच झाली नव्हती, आणि दोन-चार वर्षांनी पालक म्हणायला लागले की परीक्षा नाही म्हणून पोरं बिघडली. शेवटी २०१९ ला कायदा बदलून पाचवी-आठवीला नापास करायची मुभा राज्यांना परत दिली. सगळा दोष परीक्षा नसण्यावर गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणजे बाहेरचं काही घ्यायच्या आधी मी एकच विचारतो, ही गोष्ट तिथे कशाच्या आधारावर उभी आहे आणि तो आधार आपल्याकडे आहे का, नसेल तर आधी तो उभा करायला किती वर्षं लागतील.

जपानचंही तसंच. मुलं वर्ग झाडतात हे सगळ्यांना दिसतं आणि आवडतं. तिथे शिक्षकही मुलांबरोबर फडकं हातात घेतात, सगळ्या मुलांच्या पाळ्या लागतात, घरची ऐपत काय याचा संबंध नसतो. आपल्या शाळेत झाडू कुणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न साधा नाही, वर्षानुवर्षं तो ठरावीक जातीच्या पोरांच्या हातात दिला गेलाय, आजही संडास धुवायला कुणाला पाठवलं यावरून वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. त्यामुळे तुमच्या समितीने सफाई सुरू करायची म्हटली तर पहिल्या दिवशी गुरुजींनी, सरपंचाच्या मुलाने आणि समितीच्या अध्यक्षांनी एकत्र सुरुवात करावी आणि पाळीचा तक्ता भिंतीवर लावावा, नाहीतर करू नका.

पण जपानकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट झाडू नाहीच. तिथे शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यात, म्हणजे त्यांच्या प्रीफेक्चरमध्ये, दर काही वर्षांनी बदलून जातात, पगाराचा एक तृतीयांश केंद्र सरकार देतं बाकीचा प्रीफेक्चर देतं, त्यामुळे गरीब गावाच्या वाट्याला गरीब शाळा येत नाही. आणि दुसरं म्हणजे जुग्यो केनक्यू, पाठाचा अभ्यास. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे बघतात, मग बसून चर्चा, बदल, पुन्हा पाठ. याला पैसे लागत नाहीत, म्हणून मी ते आमच्या केंद्रात करून बघितलं. अडचण पहिल्याच दिवशी आली, जपानी शाळेत एका इमारतीत वीस-पंचवीस शिक्षक, आमच्याकडे बहुतेक द्विशिक्षकी शाळा, एक शिक्षक दुसऱ्याचा पाठ बघायला गेला तर त्याचा वर्ग वाऱ्यावर. मग आम्ही शिक्षण परिषदेचा महिन्यातला दिवस धरला, तसेही सगळे त्या दिवशी एकत्र येतात आणि परिपत्रकं वाचून चहा घेऊन जातात. यजमान शाळेतली मुलं थांबवून घ्यायची आणि पाठ तिथेच.

पहिले काही महिने काही जमलं नाही. पाठ संपला की सगळे म्हणायचे, छान झाला, आवाज स्पष्ट होता, फळ्याचा वापर चांगला. कुणी कुणाचं उणं काढायला तयार नाही, आणि ते साहजिक आहे, तपासणीत आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्यासमोर शिकवणं म्हणजे परीक्षाच वाटते. मग नियम केला, शिक्षकाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, फक्त मुलांच्या वहीबद्दल बोलायचं. एकदा तिसरीला हातच्याची वजाबाकी चालली होती, ४०३ वजा १७८. मागे बसलेल्या एका मुलीने ३७५ लिहिलं. नेहमीसारखं असतं तर चूक म्हणून काट मारून पुढे गेलो असतो. पण त्या दिवशी आठ शिक्षक तिच्या वहीभोवती जमले आणि एकाने ओळखलं, ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतेय, आठातून तीन पाच, सातातून शून्य सात, चारातून एक तीन. तिला वजाबाकी येत नव्हती असं नाही, तिने स्वतःचा एक नियम बनवला होता आणि तो नेटाने पाळत होती. मग शून्य आलं की हातचा कुठून आणायचा यावर अर्धा तास चर्चा झाली, काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायचे की शंभराची नोट सुट्टी करून, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेत तोच पाठ नोटा वापरून घेतला. त्या दिवसानंतर शिक्षक आपणहून वह्या घेऊन यायला लागले. ही वस्तू जपानची, पण आमच्या अंगाला बसेपर्यंत तिचा वार, जागा आणि बोलायची रीत सगळं बदलावं लागलं आणि सहा-सात महिने गेले.

सिंगापूर थोडक्यात. सगळा देश साधारण ७३० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपला एखादा तालुका, शिक्षक घडवणारी संस्था एकच. महाराष्ट्रात सगळ्या प्रकारच्या मिळून लाखाच्या वर शाळा आहेत, तर त्यांची यंत्रणा आपल्याला लागू पडणार नाही. गणिताची पद्धत मात्र बघण्यासारखी आहे, आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे. ती मुळात अमेरिकेतल्या ब्रूनर यांच्या मांडणीवरून घेतलेली, सिंगापूरने १९८० च्या दशकात स्वतःच्या वर्गांत ती घासूनपुसून पुस्तकांत उतरवली. म्हणजे तेही घेणारेच. कोरियावर लिहीत नाही, क्लासेसच्या जोरावर परीक्षा जिंकणं आपल्याला लातूर पॅटर्नपासून माहीत आहे.

उसनवारी आपल्याला नवीन आहे असंही नाही. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३ ला अमरेली तालुक्यात सुरू केलं, तिथे अडचणी काय येतात ते बघितलं आणि १९०६ ला सगळ्या बडोदा संस्थानात नेलं. अमेरिकेतली वाचनालयं आवडली म्हणून त्यांनी १९१० ला बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, आणि गावोगावी पोचायला पुस्तकांच्या पेट्या करून त्याही गावांत फिरवल्या. लॅपलंड आणि अमरेली या दोन गोष्टी मला नेहमी शेजारी शेजारी आठवतात.

याउलट आपलं जवळचं उदाहरण बघा. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादाचं (मुलाने स्वतः करून बघत शिकायचं या पद्धतीचं) खूप चांगलं काम झालं, राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले, मीही गेलो. तिथे फरशीवर आखलेले चौकोन, अक्षरं, अंकांच्या पट्ट्या होत्या आणि मुलं त्यावर आपली आपण शिकत होती. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा सरकारी कार्यक्रम आला आणि मग एका तालुक्यात मी बघितलं, सगळ्या शाळांच्या फरश्या दोन महिन्यांत रंगल्या, काही ठिकाणी शिक्षकांनी पदरचे पैसे घातले. पण मुलं त्या रंगवलेल्या फरशीवर ओळीने बसून फळ्यावरचं उतरवून घेत होती. कुमठ्याच्या शिक्षकांनी महिनोन्महिने एकत्र बसून जे केलं होतं ते फोटोत आलं नव्हतं, फरशी आली होती. साताऱ्याहून शेजारच्या जिल्ह्यात जाताना हे होतं, तर हेलसिंकीहून येताना काय होईल याचा विचार करा.

मग बघायचं कुणाकडे? मी म्हणेन जे आपल्यासारख्या अवस्थेतून निघाले त्यांच्याकडे. व्हिएतनाम एक, २०१२ ला पहिल्यांदा पिसाला बसले आणि गणितात ५११, अमेरिकेच्या पुढे. पण तेव्हा तिथली पंधरा वर्षांची निम्म्याच्या थोडी वर मुलंच त्या परीक्षेच्या कक्षेत येत होती, बाकीची शाळेतून गळलेली, हे लक्षात ठेवून ते आकडे वाचा.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ब्राझीलचं सोब्राल. सेआरा नावाच्या गरीब, दुष्काळी राज्यातलं दोनेक लाख वस्तीचं शहर आणि आजूबाजूची गावं. २००० च्या आसपास त्यांनी स्वतःच मुलं तपासली तर दुसरी पार केलेल्या जवळपास निम्म्या मुलांना वाचता येत नव्हतं. आपलंच चित्र. त्यांनी काय केलं तर सगळं सोडून एकच ध्येय धरलं, सुरुवातीच्या वर्गांतच प्रत्येक मूल वाचलं पाहिजे. मुख्याध्यापक वशिल्याने नेमणं बंद करून पात्रता बघून नेमले. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाचं वाचन बाहेरच्या माणसाने एकेकट्याला बसवून ऐकलं. शिक्षकांचं ट्रेनिंग दर महिन्याला, आणि तेही येत्या महिन्यात वर्गात नेमकं काय शिकवायचं त्यावर. २००७ ला राज्याने हे सगळीकडे नेलं आणि नगरपालिकांना मिळणाऱ्या करातला एक हिस्सा मुलं किती शिकली याच्याशी जोडला. पुढे हेच सोब्राल ब्राझीलच्या राष्ट्रीय शैक्षणिक निर्देशांकात देशात पहिलं आलं. यातलंही सगळं घेऊ नका, त्यांनी लहान शाळा एकत्र केल्या, ते आपल्या डोंगरी भागात केलं तर ओढा ओलांडून जाणाऱ्या मुलींची शाळा सुटेल, मी ते होताना पाहिलंय. मुख्याध्यापक नेमणंही तुमच्या समितीच्या हातात नाही.

हातात काय आहे ते सांगतो. कायद्याने समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात आणि शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार समितीचा आहे. बहुतेक आराखड्यांत कंपाउंड, संगणक आणि रंगकाम असतं. तुम्ही त्यात पहिल्या ओळीला वाचन लिहा. या महिन्यात दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन दुसरीच्या पुस्तकातला पाच-सहा ओळींचा उतारा वाचायला द्या, वर्गशिक्षकाला सोबत घेऊनच करा, त्याची चूक काढायला आलोय असं अजिबात वाटू देऊ नका, पालकांसमोर नावं वाचून दाखवू नका. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा असे चार ढीग पडतील. मग गुरुजींना एकच विचारा, या मुलांना रोज एक तास द्यायचा तर तुमच्यावरचं कुठलं काम आम्ही उचलू, पोषण आहाराची नोंद असेल, टपाल असेल, दाखल्यांसाठी येणारे लोक असतील. आमच्या एका शाळेत दोन विद्यार्थ्यांच्या आयांनी भाजी-धान्य मोजून घ्यायचं काम आलटून पालटून अंगावर घेतलं आणि बाईंचा सकाळचा पाऊण तास मोकळा झाला, तो पाऊण तास पहिल्या ढिगातल्या मुलांना मिळाला. दिवाळीनंतर पुन्हा उतारा द्या. प्रत्येक ढिगात किती मुलं निघाली ते इथे लिहा, मुलांची नावं नकोत फक्त आकडे, म्हणजे पहिल्या दोन ढिगांसाठी कुठून सुरुवात करायची ते मी सांगू शकेन.